बधिर पाऊल

वेदना नकोत, हे मागणे आपल्या प्रार्थनांत वारंवार येते. रुग्णांच्या उशाशी उभे राहून आम्हीही ते कित्येकदा मागितले आहे. गतवर्षी पावसाळ्यात स्कूटरवरून पडून आमचा डावा पाय गुडघ्याखाली दुखावला, तेव्हापासून मात्र ते मागणे आम्ही जरा जपून मागतो.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने, पोटरीतील बारीक हाडाला वळसा घालून एक नस खाली उतरते. तेथे ती कातडीच्या अगदी लगत असते. हाड मोडले की तीही चेपते. हाड यथावकाश सांधले. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिरच राहिला, आणि पाऊल वर उचलेना. चप्पल केव्हा निसटते ते कळत नाही. एकदा ती मंदिराच्या पायरीवर राहिली आणि आम्ही एका चपलेनिशी सॅक्रिस्टीत पोचलो. वेदीसेवक मुलांना आठवडाभर विषय पुरला!

पास्काच्या जागरणविधीत ऊन मेण पावलावर ठिबकले. पाहणारा कळवळला, आम्हांस पत्ताच नाही. त्या रात्री मोलोकाईचे फादर डेमियन आठवले. कुष्ठरोग्यांच्या सेवेत अकरा वर्षे काढल्यावर, १८८४ साली, त्यांचा पाय कढत पाण्यात पडला; फोड आले, पण दुखले नाही. रोग आपल्यालाही जडला, हे त्यांना त्या न दुखण्याने सांगितले. २००९ साली संतपदी पोचलेल्या त्या थोर धर्मगुरूंशी आमच्या लहानशा चट्ट्याची तुलना कसली? पण तो प्रसंग आता आम्हांला निराळा वाचता येतो.

आपल्या धर्मग्रामात मधुमेहाचे रोगी घरोघर आहेत. कारण वेगळे, पण त्यांचीही पावले अशीच बधिर होतात. हल्ली घरभेटीत आशीर्वाद दिल्यावर आम्ही तळवे दाखवावयास सांगतो. आजीबाई लाजतात. एका काकांच्या टाचेत काटा निघाला; तो कधी रुतला, त्यांना ठाऊक नव्हते.

दुखावलेली नस वाढू लागली तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत दीडएक वर्ष. वाढत्या टोकावर टिचकी मारली की पुढे मुंग्या धावतात. झूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी ही खूण १९१५ साली, महायुद्धाच्या काळात, नोंदवली. आमचे डॉक्टर दर खेपेस टिचकी मारतात आणि पेनाने रेघ ओढतात. नस पोचेलच, असे ते म्हणत नाहीत. मागील खेपेची रेघ घोट्याच्या वर चार बोटे होती.