बिल कुणी बघायचं?

आमची आठजणींची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची आणि काहीतरी चमचमीत खायचं, असा शिरस्ता. पण जिच्याकडे भिशी तिचा सगळा दिवस ओट्याशी जायचा. म्हणून गेल्या वर्षी ठरलं की हॉटेलात जायचं आणि खर्च सारखा वाटून घ्यायचा. 'सारखा' म्हणजे काय, ते मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि मी तर शाळेत सातवीला शेकडेवारी शिकवते!

एका महिन्यात नेमकी एकादशी आली. आमच्यातल्या एकीचा उपवास. (तिचं नाव मुद्दामच लिहीत नाही.) आम्ही सातजणींनी पनीर, पुलाव, ताक, वर आइस्क्रीम असं यथेच्छ हाणलं. तिने घेतला ९० रुपयांचा साबुदाणा वडा आणि ४० रुपयांची कॉफी. बिल आलं, आणि वेटर ते पाकीट घेऊन क्षणभर घुटमळलाच. एरवी तो बघतही नाही, सरळ पुरुषमाणसापुढे ठेवतो. आमच्या घरीही बिल म्हणजे 'ह्यां'चं खातं. मी तोवर बडीशेप खात बसते. इथे आठही बायका! शेवटी त्याने ते वयाने मोठ्या अशा काकूंपुढे ठेवलं.

काकूंनी फक्त खालचा आकडा पाहिला. २७७२. मोबाईलवर भागिले आठ केलं. "तीनशे सेहेचाळीस पन्नास. साडेतीनशे काढा गं, उरलेले वेटरला."

तिने पर्समधून शंभराच्या तीन नोटा काढल्या, मग विसाच्या दोन, मग आतल्या कप्प्यातून दहाची एक. मी बघत होते. बोलले काहीच नाही.

पुढच्या भिशीला ती आली नाही. सासूबाईंना बरं नव्हतं म्हणे. त्यापुढच्या महिन्यात मुलाची परीक्षा. एकदा गिरणीत दळणाच्या रांगेत गाठ पडली तेव्हा मी जरा खोदून विचारलं. "अगं, साडेतीनशे म्हणजे माझी आठवड्याची भाजी," ती म्हणाली. "तिथे सगळ्यांदेखत बोलले असते, तर चिक्कू ठरले असते ना मी?"

मला त्या रात्री झोप येईना. बडीशेप बांधून आणलेलं ते बिल माझ्या पर्सच्या तळाशी अजून होतं. काढलं, सरळ केलं आणि प्रथमच नीट वाचलं. ताक आम्ही घेतलं होतं सात, लावलं होतं नऊ. चाळीसप्रमाणे ८० रुपये जादा. खाली 'सेवाशुल्क १० टक्के', २४० रुपये. आणि जीएसटीचे पाच टक्के नुसत्या खाण्यावर नाहीत, तर त्या सेवाशुल्कासकट २६४० वर, म्हणजे १३२. पेन घेऊन बसले. खरं खाणं २३२०, त्यावर कर ११६, एकूण २४३६. आम्ही ३३६ रुपये जादा भरले होते! आठजणींत एक नववी न दिसता जेवून गेली होती म्हणायची. मंडईत मेथीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून हुज्जत घालणाऱ्या आम्ही!

हे सेवाशुल्क देणं आपल्यावर बंधनकारक नाही, हे कितीजणींना ठाऊक आहे? हॉटेलाने ते आपणहून बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानेही प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. हॉटेल ऐकत नसेल तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. साध्या हॉटेलात तो पाच टक्के, बिलावर अडीच-अडीचचे दोन भाग दिसतात. तोंडी हिशेब सोपा: खाण्याच्या रकमेचा विसावा हिस्सा.

पुढच्या भिशीला मी तिला घरून घेऊनच गेले. जाताजाताच सगळ्यांना सांगितलं, "मधे ठेवून खायचं ते आठजणींत, बाकी जिचं तिने." कुणी हसलं, कुणी "अगं, भिशी आहे की शाळा?" म्हणालं. बिल आल्यावर मी हात पुढे केला. छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू? सेवाशुल्क होतंच. मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, सगळेच देतात." "आम्हाला द्यायचं नाही. ते काढून नवं बिल द्या." आमच्यातलीच एक माझा पदर ओढत पुटपुटली, "जाऊ दे ना, शोभतं का?" पण काकू एकदम म्हणाल्या, "का नाही शोभत? पैसे काय झाडाला लागतात?" पाच मिनिटांत नवं बिल आलं.

वेटरला टिप मात्र द्यायचीच, आणि त्याच्या हातात द्यायची, हे माझं ठाम मत. बिलातल्या शुल्कातलं त्या पोराच्या वाट्याला किती येतं, आपल्याला काय कळणार? आणि आठ बायकांच्या आठ तऱ्हा त्यानेच तर सांभाळलेल्या असतात.

तिचा हिशेब मी मांडला. मसाला डोसा ११०, मधल्या २४० च्या डिशचा आठवा हिस्सा ३०, म्हणजे १४०. त्यावर कर ७. एकशे सत्तेचाळीस. तिने मोजून ठेवले, आणि मग कुणी न सांगता दहाचं एक नाणं वेटरसाठी बाजूला ठेवलं.

टेबलावर नुसती चिल्लर झाली होती. काकू ती गोळा करता करता वैतागून म्हणाल्या, "पुढच्या वेळी सुटे आणा गं सगळ्याजणी. आणि तू गं, पुढच्या महिन्यात येणार आहेस ना?"

"येणार तर," ती म्हणाली. "पण एकादशी बघून तारीख ठरवा."