मधल्या वर्षांचा रकाना

नोकरी सोडून घर सांभाळलेल्या बाईनं पुन्हा अर्ज करताना मधली वर्षं कशी दाखवायची, याबद्दल माझं मत ठाम होतं. मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं, घरखर्च चालवला. मग हे सगळं अनुभव म्हणूनच मोजा. मैत्रिणींच्या अर्जांत ‘गृहव्यवस्थापन’ हा शब्द मीच घालून देत असे. टाटा समूहानं 2008मध्ये अशा स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर’ इंटर्नशिप सुरू केली. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा, इतकी वर्षं काम केलेल्या बाईला इंटर्न कसलं करता, म्हणून मी तावातावानं बोलले होते.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

नाशिकला एका करसल्लागाराकडे मी काम करत होते, ते व्हॅटचे दिवस. 231 नंबरचा फॉर्म भरणं, परराज्यातल्या विक्रीच्या सी फॉर्मसाठी व्यापाऱ्यांच्या मागे लागणं, विक्री-खरेदीच्या जे-वन, जे-टू याद्या जुळवणं. मग मीही घरासाठी नोकरी सोडली. परतले तोवर हे सगळं गेलं होतं; 1 जुलै 2017 पासून जीएसटी. सुरुवातीलाच एका कारखान्याची खरेदी जुळवायला बसले. विकणाऱ्यांनी दाखवलेली बिलं ज्यात दिसतात ते टू-बी विवरण उतरवून घेतलं. खोक्यांच्या पुठ्ठ्याची दोन बिलं खात्यात होती, टू-बीत नव्हती. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पार्टीनं विक्रीचा जीएसटीआर-वन भरलेला नाही. 2022च्या जानेवारीपासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही.” तिचं ऐकता ऐकता मला उलगडत गेलं. विकणाऱ्यानं विक्री दाखवली नाही की घेणाऱ्याचा सेट-ऑफ, म्हणजे करवजावट, अडकतो, हे तर जे-वन, जे-टूतही होतंच! मी फोन उचलला आणि सी फॉर्मसाठी लावायचे तसाच तगादा त्या पार्टीकडे लावला.

मला पुन्हा उभं केलं ते माझ्या कामातल्या जुन्या समजुतीनं, आणि ती नव्या कायद्याशी जोडून घ्यायला मिळालेल्या निवांत वेळानं. सासूबाईंना रात्री उठून कूस बदलून देणं यात कुठंच आलं नाही. ते यावं, असंही आता वाटत नाही. ते काम मोठंच होतं. पण कुण्या मालकाला पटावं म्हणून त्याला ऑफिसची भाषा चढवणं मला आता सहन होत नाही.

म्हणून हल्ली मी सरळ लिहायला सांगते : घरच्या जबाबदारीमुळे अमुक ते अमुक काम बंद. मागायचं ते वेगळं. पगारासकट शिकायला वेळ द्या, आणि शिकून झालं की पदाचा पूर्ण पगार. हे दुसरं लेखीच घ्यावं. शिकाऊ म्हणून घेतलेल्या बायका वर्ष उलटलं तरी त्याच तुटपुंज्या पगारावर दर महिन्याच्या 20 तारखेला इतरांच्या बरोबरीनं जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरताना मी पाहिल्या आहेत. तिथं माझा जुना राग अजून तसाच आहे.