न झालेल्या कुस्त्या

आमच्या बेळगुंदीच्या बाजूला जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. पण फडात झालेल्या कुस्त्यांपेक्षा न झालेल्या कुस्त्यांवरच माणसं जास्त बोलतात. ऐन भरातला गामा आणि ऐन भरातले मारुती माने समोरासमोर आले असते तर? गामाचा जन्म 1878 चा. माने 1964 साली हिंदकेसरी झाले. ही जोड कोणत्या पंचांनी लावायची? ती लावायची आमच्या कट्ट्यावर, सुपारी कातरता कातरता!

हा नाद एकट्या आपल्याकडचाच आहे, असं मात्र नाही. अमेरिकेत रॉकी मार्सियानो आणि महंमद अली या दोन वेगळ्या काळांतल्या मुष्टियोद्ध्यांची लढत संगणकाकडून ठरवून घेतली होती. 1969 मध्ये दोघांना रिंगणात उभं करून निरनिराळे शेवट चित्रित केले आणि 1970 मध्ये सिनेमागृहांत दाखवले. पडद्यावर जिंकलेला मार्सियानो तोवर विमान अपघातात गेलेलाही होता. आमच्या कट्ट्यावर संगणक नव्हता. आबा होते आणि अण्णा होते.

आबा म्हणजे माझे वडील. अण्णा त्यांचे दोस्त, घरात कन्नड बोलणारे. आबा मराठीत बोलायचे, अण्णा कन्नडात उत्तर द्यायचे आणि दोघांचं एकमेकांवाचून अडायचं. सीमाप्रश्नाचं वातावरण तापलं की गावात माणसं जपून बोलायची. हे दोघे मात्र तेव्हा हटकून कुस्तीवर यायचे.

त्यांची कायमची जोड एकच होती. 1959 चे श्रीपती खंचनाळे विरुद्ध 1977 चे हरिश्चंद्र बिराजदार. खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, दिल्लीत बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झालेले. बिराजदार लातूरकडचे, त्यांनी 1977 साली बेळगावात दिल्लीच्या सतपालला पाडलं. ती कुस्ती बघायला आबा सायकल मारत गेले होते. साहजिकच त्यांचा पैलवान बिराजदार. अण्णांचा खंचनाळे. ''एकसंब्याची माती आहे ती, आबा. आगंगिल्ल!'' असं म्हणून अण्णा मांडीवर थाप मारायचे.

गंमत अशी, की खंचनाळे जन्मले तेव्हा एकसंबा मुंबई इलाख्यात होतं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात गेलं. पैलवानाची कारकीर्द घडली कोल्हापुरात. मग तो कुणाचा? हा प्रश्न त्या दोघांनी कधी एकमेकांना विचारला नाही. तो चितपट होईल की करील, एवढ्यापुरतंच त्यांचं भांडण.

आबांचे नियम मात्र कडक. पहिला नियम वजनाचा. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते 57 किलो गटात. म्हणून त्यांना गामासमोर उभं करायला आबांची सक्त मनाई. दुसरा नियम जागेचा. माती की मॅट, वेळेचं बंधन की निकाली, हे आधी ठरवा, मग बोला. यासाठी ते गामाचाच दाखला देत. 1910 साली लंडनला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को अडीच तासांहून अधिक झुंजले आणि निकाल लागला नाही, कारण झ्बिस्को मॅटला चिकटूनच राहिला. तेच दोघे 1928 साली पतियाळ्यात भिडले आणि गामाने मिनिटाच्या आत त्याला आसमान दाखवलं. माणसं तीच, पण जागा निराळी आणि वयंही निराळी. ''खरी झालेली कुस्तीसुद्धा दोन वेळा दोन उत्तरं देते,'' आबा म्हणायचे, ''मग तुमच्या मनातल्या कुस्तीचं काय घेऊन बसलात?''

मला वाटतं, यातच या खेळाचं मर्म आहे. आपण दोन पैलवान झुंजवतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर झुंजत असतात दोन तरुणपणं. जो पैलवान आपण विशी-पंचविशीत डोळ्यांनी पाहिला, तो आपल्यापुरता अजिंक्यच. अण्णांनी खंचनाळेंना ऐन जोमात पाहिलं होतं, आबांनी बिराजदारांना. एकाने माघार घेतली असती तर त्याला आपली जवानीच चित झाल्यासारखं वाटलं असतं.

बिराजदार 2011 साली गेले, खंचनाळे डिसेंबर 2020 मध्ये. त्यानंतरच्या पावसाळ्यात अण्णाही गेले. आबांनी कुस्तीचं नाव काढायचं सोडलं. जोड लावायला समोर कुणीतरी लागतं.

पुढे एका संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, ''आबा, बिराजदारच जिंकले असते ना?'' ते बराच वेळ गप्प बसले. मग एकेक डाव बोलू लागले. बिराजदारांनी पट काढला, तर खंचनाळे कसे निसटतील. खालून कसे उठतील. दमसास कुणाचा टिकेल. मी ऐकतच राहिलो. अण्णा ज्या बाजूने भांडायचे, ती सगळी बाजू आबा आता स्वतःच मांडत होते. एकही मुद्दा त्यांनी गाळला नाही.

शेवटी म्हणाले, ''बरोबरीत सोडव.''

जन्मभर निकाली कुस्तीचा आग्रह धरलेला हा माणूस! बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला पैसे देऊ नयेत, असं भर फडात ओरडलेला. मी पुढे काही विचारलं नाही. कट्ट्यावरची ती जोड अजून तशीच आहे.