तिरका चमचा

आमच्या मुलीला सहा महिने पूर्ण झाले आणि घरात तीन मतं झाली. आई म्हणाली, "आधी वरणाचं पाणी." शेजारच्या तेलुगू आजी उग्गूचा डबा घेऊन आल्या. बायकोकडे डॉक्टरांनी दिलेला तक्ता होता. हैदराबादेतल्या मराठी घरात हे चालायचंच.

उष्टावण मामाच्या मांडीवर झालं, पण खीर बिनसाखरेची. मधाचं बोटही नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देत नाहीत. मीठ-साखरही नाही. आईने हे सगळं ऐकलं. वरणाच्या पाण्यावर मात्र ती अडली. आम्हा दोघा भावांची सुरुवात त्यावरच झाली होती. ते नको म्हणणं म्हणजे तिने आम्हाला वाढवलं ते चुकलं, असंच तिला वाटत होतं.

डॉक्टरांनी तिलाच समजावलं. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, नुसतं दूध आता पुरत नाही. पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं तर अन्न कुठे जाणार? "आजी, चमचा तिरका करा. लगेच ओघळलं तर ते पाणी. टिकून राहिलं, सावकाश घसरलं, तर ते अन्न."

दुसऱ्या दिवशी आईने मूगडाळ-भात वाटीच्या बुडाने घोटला, वर तुपाचा थेंब सोडला. मग हळूच विचारलं, "तुमच्या वेळी मी चुकले का रे?"

"धाकट्याला तू मऊ भात कालवून भरवायचीस, मी पाहिलंय," मी म्हणालो. "नुसत्या पाण्यावर कुठे ठेवलंस?"

उग्गूचा डबा उघडल्यावर तर ती हसलीच. तांदूळ आणि डाळी भाजून केलेली भरड. "अगं बाई, हे तर आपलं खिमट!"

नाचणी मुलीने सात दिवस थुंकली. आम्ही जबरदस्ती केली नाही, रोज दोन चमचे पुढे केले. आठव्या दिवशी तिने तोंड उघडलं. नवी चव बाळाला आठ-दहा वेळा द्यावी लागते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून धीर राहिला.

आता ती आठ महिन्यांची आहे. दिवसातून तीनदा जेवते, दूधही चालूच आहे. आणि सोसायटीतल्या नव्या आयांना चमचा तिरका करून दाखवायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.