पंप काढल्यावर उरलेलं ऑइल

जेट स्कीचा ऑइल पंप काढून ती मिक्स पेट्रोलवर आणणं, ही आमच्या धंद्यात काही मोठी विद्या मानत नाहीत. पंप खोला, तिथे प्लेट मारा, इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडं बंद करा, पेट्रोलात ऑइल घाला. चिवल्याच्या किनाऱ्यावर सीझनला राबलेला कुठलाही पोरगा हे सांगेल, आणि बरोबरच सांगेल. माझं डोकं अडकलंय ते त्याच्या पुढे. पंप गेला तरी काही इंजिनांच्या पोटात एक कप्पा असा उरतो, जिथे पेट्रोलातलं ऑइल कधी पोचतच नाही.

मी जुन्या सी-डूमधल्या रोटॅक्सबद्दल बोलतोय. ६५७, ७१७, ७८७ ही मंडळी. यांत आत येणाऱ्या पेट्रोल-हवेला वाट सोडते ती एक फिरती चकती. तिला फिरवणारी गियरची जोडी दोन सिलिंडरांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी सील लावलेल्या कप्प्यात असते. त्या कप्प्याला ऑइल देतो कोण, तर पंप नव्हे. टाकीतून एक जाड नळी खाली येते, दुसरी वर टाकीत जाते, आणि ऑइल आपल्या वजनाने उतरून कप्पा भरलेला ठेवतं. पंप काढणाऱ्याला टाकी नजरेत सलते. आता हिचं काय काम? तीही जाते. मग कप्पा कोरडा पडतो, दाते झडतात, चकती थांबते, आणि मालक म्हणतो, मिक्स मानवलं नाही.

यावर बरेच जण कप्प्याची दोन्ही तोंडं एकाच नळीच्या तुकड्याने जोडतात आणि त्यात ऑइल भरून मोकळे होतात. दिसायला झकास. पण आतलं सील झिजलं की क्रँककेस ते ऑइल ओढून घेते, आणि नळीत असतं किती? संपलं हे कळतं तेव्हा गियरही संपलेला असतो. टाकी ठेवली तर मात्र गंमत आहे. पंप होता तोवर टाकीतली पातळी रोजच उतरायची, त्यातलं सीलने किती खाल्लं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पंप गेल्यावर त्या ऑइलला जागच्या जागी राहण्याखेरीज काम नाही. बोटभर उतरलं, की सील गेलं.

हीच युक्ती धरून मी टाकीऐवजी छोटी बाटली लावतो, कप्प्यापेक्षा वर. आणि इथूनच माझी झोप उडते. बाटली मोठी घ्यावी, तर पावसाळ्यात मशीन शेडमध्ये पडून असताना झिजलेल्या सीलमधून सगळं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं आणि सप्टेंबरात इंजिन फिरतच नाही. लहान घ्यावी, तर इशारा लवकर मिळतो पण सावरायला वेळ मिळत नाही. झाकणाला भोक नसेल तर आत पोकळी होऊन ऑइल खाली उतरत नाही. भोक असेल तर पर्यटक मशीन उलटी करतो, आणि उलटी तो करतोच, तेव्हा खारं पाणी आत शिरतं. मूळ टाकीवरचा एकेरी व्हॉल्व्ह काढून बाटलीला बसवला, तर त्यात मिठाची खर धरते. कूलंटच्या बाटल्या झाल्या, ब्रेक ऑइलच्या डब्या झाल्या, एकदा तर बायकोची लोणच्याची बरणीही उचलली होती. अजून मनासारखं जमलेलं नाही.

बारीक नळ्यांच्या तोंडांबद्दल एवढंच, की रबरी टोप्या घालू नका. उष्णतेने आणि खाऱ्या हवेने त्या चिरतात, तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. मी तिथे आटे पाडून स्क्रू बसवतो.

पंपाची लोक उगाच बदनामी करतात. तो क्वचितच मरतो. मरतात त्याच्या वाळून कडक झालेल्या नळ्या. शिवाय तो शहाणा असतो. थ्रॉटल कमी तर ऑइल कमी, थ्रॉटल पूर्ण तर ऑइल पूर्ण. मिक्सला ही अक्कल नाही. पन्नासास एक म्हणजे वीस लिटरच्या कॅनला ४०० मिली, चाळीसास एक म्हणजे ५००. मग मशीन धावो की गिऱ्हाइकाची वाट बघत नुसती फुरफुरत राहो. आमच्याकडे ती फुरफुरतच जास्त असते, म्हणून प्लग काळे होतात. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक घाटातून उतरवली आहे, त्यांना उलटी अडचणही ठाऊक असेल. थ्रॉटल बंद, चाकं इंजिनाला फिरवताहेत, आणि पेट्रोलच नाही तर ऑइल कुठून येणार? मध्येमध्ये मूठ पिळावी लागायची. पाण्यावर एवढा धोका नाही, पाणीच वेग खातं.

ऑइलवरूनही भांडणं. आउटबोर्डवाले टीसी-डब्ल्यू३ची शपथ घेतात, आणि त्यांच्या इंजिनांसाठी ते योग्यच आहे. रोटॅक्स बनवणारे मात्र आपल्या इंजिनात ते घालू नका, कमी राखेचं एपीआय-टीसी घाला म्हणतात. गोव्याकडचा एक मिस्त्री दोन्ही समप्रमाणात घालतो, वर हसतो. त्याच्याकडे गर्दी माझ्यापेक्षा जास्त आहे, हेही लिहून टाकतो. परवा त्याने कुणाला तरी डीआय मशीनसुद्धा मिक्सवर आणून देतो म्हटल्याचं कानावर आलं. ९५१ डीआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या डोक्यात फवारलं जातं, क्रँककेसमधून जातच नाही. तिथे पंप काढणं म्हणजे बेअरिंगांना उपाशी मारणं.

एवढं सगळं कळत असूनही मी इतके पंप का काढले? मालकाला सांगायला कारणं होती, पण खरं कारण माझं नाक. धुराच्या वासावरून मिश्रण जाड की पातळ हे मी सांगायचो आणि लोक चाट पडायचे. मशीन पंपावर असली की माझ्या नाकाला काही किंमत नव्हती; मिक्सवर असली की मीच तिचा पंप. कोविडमध्ये वास गेला तो पुरता परतलाच नाही. आता पेट्रोल आणि खोबरेल मला सारखंच.

हाताखालचा मुलगा दांडी किनाऱ्यावरच्या रापणकार मच्छीमाराचा. तो औषधाच्या मापाने ऑइल मोजतो, मिश्रण काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाला धरतो आणि निळी छटा बघतो. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. वासाने कळत असताना ग्लास कशाला, असं मी त्याला ऐकवायचो, तेही वास गेल्यानंतर कितीतरी दिवस.

मध्यंतरी एक मालक आला. किनाऱ्यावरची पोरं सीझनमध्ये चार वेळा बदलतात, मिक्सचा भरवसा नाही, पंप परत बसव म्हणाला. पंप माझ्या फळीवर पुसून ठेवलेलाच होता. तरी मी सांगितलं, नळ्या मिळत नाहीत.

“मिळतत ओ काका, मुंबईक मिळतत,” मागून आमचा मुलगा.

नळ्या आल्या. पंप बसला, टाकी बसली, टाकीची बारीक नळी पंपाला दिली. कप्प्याच्या दोन्ही जाड नळ्या मात्र मी टाकीला जोडू दिल्या नाहीत, त्या बाटलीलाच ठेवल्या. टाकीतलं ऑइल पंप खाईल, बाटलीतलं फक्त सील खाईल, आणि कोण किती खातं ते वेगवेगळं दिसेल. मुलाला हे पटलं. झाकणाच्या भोकाचं काय करायचं यावर आमचं अजून वाजतंय.