तीन पानं

कॅमेरा दुरुस्त करून करणार काय, असं चाचांनी मला दोनदा विचारलं. हैदराबादच्या कोठी भागात गुजराती गल्ली नावाचा बाजार आहे. वायरी, स्पीकर, रिमोट, जुने कॅमेरे, सगळं तिथे मिळतं. त्या गल्लीतल्या एका जिन्याखाली चाचांचं टेबल आहे. मी पिशवीतून काढलेला कॅमेरा 2004 सालचा, चार मेगापिक्सेलचा. भावाने दुबईहून आणला होता. चालू केला की भिंग बाहेर येतं, फ्लॅश पडतो, बटणाचा आवाजही होतो. पडद्यावर मात्र जांभळ्या रेघा, नाहीतर नुसता काळोख.

"आँख गई," चाचा म्हणाले. "बाकी सब अच्छा है. लेकिन फोनमें इससे अच्छा आता ना मॅडम?"

मी म्हटलं, "दुरुस्त झाला तर यातले जुने फोटो नीट दिसतील का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जो देख्याच नै, वो कां से लाना?"

दखनीतला हा 'च' आपल्या मराठीतला. त्यामुळे असेल, पण ते वाक्य मला घरच्या माणसाने टोकल्यासारखं लागलं. कारण जे पाहिलंच नाही ते कुठून आणायचं, हे मी एकोणीस वर्षांपूर्वी करून बसले होते.

1999 ते 2001 मी कोलकात्याला तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते. जादवपूरचा तो विभाग 1956 साली बुद्धदेव बसूंनी सुरू केलेला. आम्ही तिथे मोठ्या तोऱ्यात वावरत असू. पण बांगला मी शिकले ती वर्गात नव्हे, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात. त्यांना सगळे दिदा म्हणत, मीही म्हणायची. त्या मला 'मा' म्हणत. पूर्व बंगालच्या निर्वासितांनी वसवलेल्या एका वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या बरिशालच्या. लग्न पंधराव्या वर्षी, सासरी बावीस माणसं, आणि 1950 साली, विसाव्या वर्षी, सगळं सोडून कोलकाता.

दिदांची एक वही होती. हिशेब, पाककृती, कोणाच्या बारशाला काय दिलं, आणि मध्येच सलग आठवणी. निळी शाई, पिवळी पडलेली पानं. 2005 च्या पावसाळ्यात मी मुद्दाम पुन्हा कोलकात्याला गेले आणि त्या वहीतल्या आठवणींच्या बेचाळीस पानांचे फोटो काढले. वही बाहेर न्यायची नाही, अशी दिदांची अट होती. खिडकीशी पाट ठेवून, पान दाबून धरून, एकेक. हवेत इतकी ओल की बोटं पानाला चिकटत होती. कॅमेऱ्याचा पडदा काड्यापेटीएवढा. शेवटच्या काही पानांच्या वेळी त्यावर रंग विचित्र दिसला. मला वाटलं, उजेड कमी झाला असेल.

घरी येऊन फोटो संगणकावर उघडले तेव्हा कळलं. एकोणचाळीस पानं स्वच्छ. पुढचं एक जांभळं, आडव्या रेघांनी फाटल्यासारखं. शेवटची दोन काळी. आणि ही तीन पानं नेमकी स्टीमरची. बरिशालहून खुलन्यापर्यंतचा स्टीमर, तिथून रेल्वेने सियालदाह. घर सुटलं ती रात्र.

मी दिदांना फोन करायला हवा होता. केला नाही. संपादकांना मजकूर द्यायची तारीख जवळ आली होती, दिदांना ऐकू कमी येत होतं, तिकिटाला पैसे नव्हते. कारणं खूप होती. खरं कारण एवढंच की ती पानं मला 'माहीत' आहेत असं मला वाटलं. त्या रात्रीबद्दल दिदा तुकड्यातुकड्यांनी बोलल्या होत्या. शिवाय फाळणीवरचं इतकं वाचलं होतं की एका विसाव्या वर्षीच्या सुनेने काय लिहिलं असेल, हे मला सांगायला कोणी नको होतं. मी तीन पानं लिहिली. त्यात एक किल्ली घातली. कमरेला किल्ली तशीच होती, कुलूप मात्र आता परक्या देशात राहिलं होतं, अशा अर्थाचं वाक्य. दिवाळी अंकात लेख आला. ज्यांनी पत्रं पाठवली त्यांतल्या बहुतेकांना ती किल्लीच आवडली होती.

पुढल्या वर्षी दिदा मुलाकडे राहायला गेल्या. सामानाच्या हलवाहलवीत वही गेली ती गेलीच.

गोष्ट इथेच थांबली असती, तर मी कदाचित आजही गप्प बसले असते. पण 2011 मध्ये दिदा गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला. श्राद्धाच्या कार्डावर आईचे चार शब्द छापायचे आहेत, वही सापडत नाही, तुमच्याकडे आहे ते बांगलात करून पाठवाल का? मी त्या रात्री बसले, आणि हात आपोआप सगळ्यांत देखण्या परिच्छेदाकडे गेला. किल्लीकडे. माझं मराठी वाक्य मी बांगलात नेलं आणि ते दिदांच्या नावाने छापून आलं. पाठवताना मला माहीत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

आणि आता नातीचा फोन. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, मला माशी म्हणते. म्हणाली, ठाकुमाचं सगळं लिखाण मला बांगलात परत हवंय. मराठीवरून उलटा अनुवाद करू या, तू सांग, मी लिहिते. फोन ठेवल्यावर मी आधी फोटोंची सीडी शोधली. मग माळ्यावरून कॅमेरा काढला. त्याचं काय करणार होते, सांगता येत नाही. आपला दोष नव्हता, यंत्राचा होता, एवढं तरी कोणी सांगावं असं वाटत असावं.

चाचांनी ते सांगितलं. त्या दोन-तीन वर्षांतल्या कॅमेऱ्यांचा हा ठरलेला आजार होता म्हणे. प्रकाश टिपणारी जी चकती आत असते, तिच्या जोडण्या केसासारख्या तारांच्या. गरम, दमट हवेत आवरणातून ओल शिरते आणि तारा सुटतात. 2005 च्या ऑक्टोबरात अनेक कंपन्यांनी एकामागून एक जाहीर केलं होतं की अशा कॅमेऱ्यांची चकती फुकट बदलून देऊ. ऑक्टोबर 2005. दिदा अजून त्याच घरात होत्या, वही त्यांच्या उशाशी होती. ती बातमी मी वाचली असती तर कॅमेरा दुरुस्त करून पुन्हा गेले असते का? गेले असते असं मला फार दिवस म्हणवलं नाही. बातमीची गरज नव्हती. फोन पुरला असता.

कॅमेरा उघडताना मी शेजारी स्टुलावर बसले. चाचांनी आधी फ्लॅशच्या कंडेन्सरची दोन टोकं एका लहान बल्बला लावली. बल्ब क्षणभर पेटून विझला. त्या इवल्याशा नळीत तीनशे व्होल्टचा साठा असतो, बॅटरी काढली तरी तो राहतो. मग बारीक स्क्रू, मग कागदासारख्या चपट्या वायरी चिमट्याने एकेक सोडवणं. भिंगाच्या मागे तीन स्क्रूंनी बसवलेली चकती निघाली. नखाएवढी. खोक्यातून त्यांनी त्याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा काढला. त्याचं भिंग फुटलेलं, पण चकती शाबूत. "इसकी आँख उसकू," ते म्हणाले.

चकती काम कशी करते हे मी घरी येऊन वाचलं. बेल प्रयोगशाळेत 1969 साली विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ही कल्पना मांडली, 2009 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. चकतीवर लाखो कप्पे असतात. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात तसे. जिथे जास्त प्रकाश तिथे जास्त विद्युतभार साठतो. मग एका रांगेतल्या वाट्या पुढच्या रांगेत रित्या करायच्या, ती त्याच्या पुढच्या, असं करत शेवटच्या कोपऱ्यात प्रत्येक वाटी मोजली जाते. 'आता ओता' हा हुकूम ज्या तारांतून येतो त्याच सुटल्या की पाणी सांडतं, एकात दुसरं मिसळतं. माझ्या जांभळ्या रेघा म्हणजे ती सांडासांड.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या वाट्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येकीवर रंगीत काच असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी सत्तरच्या दशकात बसवलेली ही रचना. निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यातल्या चाळीस लाख ठिपक्यांपैकी प्रत्येकाने एकच रंग खरोखर पाहिलेला असतो. उरलेले दोन त्याला शेजाऱ्यांवरून ठरवून दिले जातात. जो फोटो आपण पुरावा म्हणून दाखवतो, त्यातले दोन तृतीयांश रंग अंदाजाने भरलेले असतात.

हे वाचून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. कॅमेराही तेच करतो! अनुवादात आणखी वेगळं काय असतं? एखादा शब्द कळत नाही, आपण आजूबाजूची वाक्यं बघतो आणि ठरवतो. पण हा दिलासा रात्रभरही टिकला नाही. कॅमेऱ्याचा अंदाज शेजारच्या ठिपक्यावरून असतो, ज्याने त्याच क्षणी, त्याच पानावर काहीतरी खरंच पाहिलेलं असतं. माझ्या तीन पानांना शेजारीच नव्हते. मी तिथे दिदांची वाक्यं पसरवली नव्हती, दुसऱ्यांच्या पुस्तकांतली आणली होती. आणि 'इथे पान वाचता आलं नाही' ही एक ओळ कुठेही छापली नव्हती.

कॅमेरा आणायला गेले तेव्हा चाचांचा मुलगा होता. मी सीडीवरचं जांभळं पान माझ्या फोनवर दाखवलं. तो म्हणाला, तिन्ही रंग वेगवेगळे करून बघा. शाई निळी आहे ना, मग लाल बघा. मला आधी उलट वाटलं. पण निळी शाई लाल प्रकाश गिळते, म्हणून लाल थरात ती काळी दिसते. पिवळा कागद मात्र तिथे उजळ राहतो. घरी येऊन केलं. हिरव्या थरात जवळजवळ काही नाही. निळ्यात रेघाच रेघा. लालमध्ये, रेघांच्या फटीतून, दिदांचं अक्षर. तो गोल, थोडा डावीकडे कललेला हात मी लगेच ओळखला.

अकरा ओळी लागल्या, काही अर्ध्या. दोन काळी पानं काळीच राहिली.

किल्ली नव्हती. दिदांनी लिहिलं होतं की स्टीमरच्या डेकवर ट्रंकेला टेकून त्या झोपल्या. लग्नानंतर इतकी सलग झोप पहिल्यांदाच लागली, कारण कोणी भात मागायला हाक मारली नाही. खुलन्याला जाग आली तेव्हा सासूबाई रडत होत्या. आपण रडत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंडावर पदर घेतला. पुढे ओळ तुटते.

मी बराच वेळ ते पान बघत बसले. दोन वर्षांत मी या बाईच्या हातचा किती भात खाल्ला असेल. आणि तिची एक रात्रीची झोप मोडून मी तिला रडायला बसवलं होतं, कारण फाळणीच्या पानावर बाई रडतच असणार, हे मला पाठ होतं.

नातीला मी सगळं लिहून पाठवलं. तीन पानं कोणाची, अकरा ओळी कोणाच्या, आणि कार्डावरचं वाक्य कोणाचं. दिवाळी अंकाची ती पानं पेन्सिलीने चौकटीत घेतली आणि दुरुस्त कॅमेऱ्यानेच त्यांचे फोटो काढले. बाराशे रुपयांत परत आलेली नजर. चार मेगापिक्सेलला जेवढं दिसायचं तेवढं स्वच्छ दिसलं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं, कार्ड अजून बाबांच्या खोलीत ठाकुमाच्या तसबिरीखाली काचेत लावलेलं आहे. रोज अंघोळीनंतर ते तिथे उदबत्ती लावतात. त्यांना कसं सांगायचं, सांगायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू ठरवू नकोस.

खाली आणखी एक ओळ होती. अकरा ओळींचा अनुवाद नको, टंकलेली प्रतही नको. ते जांभळं पान आहे तसं पाठव.

मी पाठवलं. लाल थर वेगळा न करता.