जुन्या लढाईचं नवं पुस्तक

मित्रांनो, लढायांची पुस्तकं वाचायचं मला भारी वेड. त्यातही स्कॉटलंडच्या लढायांची जरा जास्तच. इंग्लंडच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला हा डोंगराळ, पावसाळी मुलूख. तिथली चिवट माणसं आपल्या कुळाच्या नायकासाठी जीव द्यायला तयार असत. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटलं, तर नवल नाही!

पण हे वेड पाहून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. कदाचित तुमच्याही मनात तो आला असेल. लढाई तीच, तारीख तीच, जिंकलं कोण आणि हरलं कोण तेही तेच. मग त्याच लढाईवर पुन्हा पुन्हा नवी पुस्तकं कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी आपण एका माळरानावर जाऊ या.

१६ एप्रिल १७४६. स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हर्नेस गावाजवळचा कलोडनचा माळ. एका बाजूला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट. त्याच्या आजोबांची, म्हणजे राजा जेम्सची गादी १६८८ साली गेली होती. ती परत मिळवायला हा निघाला होता. जेम्सचं लॅटिन रूप याकोबस, म्हणून या घराण्याच्या पाठीराख्यांना जॅकोबाइट म्हणतात. दुसऱ्या बाजूला गादीवर असलेल्या दुसऱ्या जॉर्जचा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक. गंमत म्हणजे दोन्ही सेनापती अवघे पंचवीस वर्षांचे!

आदल्या दिवशी ड्यूकचा वाढदिवस होता. शत्रूचे शिपाई खाऊनपिऊन झोपलेले असतील, असा हिशेब करून जॅकोबाइटांनी रात्री छापा घालायचं ठरवलं. पण अंधारात, चिखलात फार उशीर झाला. उजाडायच्या आत पोचणं जमेना, तेव्हा ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले. उपाशीपोटी, पेंगुळलेल्या डोळ्यांनी ते सकाळी लढायला उभे राहिले आणि तासाभराच्या आत सगळं संपलं. जॅकोबाइटांची दीड हजाराच्या आसपास माणसं ठार किंवा जखमी झाली. सरकारी सैन्याचे पन्नास जण ठार झाल्याची नोंद आहे. पुढे जखमींनाही मारलं गेलं, घरं जाळली गेली. त्या डोंगरी भागातल्या पुरुषांनी आणि मुलांनी आपला चौकड्यांचा पारंपरिक पोशाख घालायचा नाही, असा कायदा झाला. तो १७८२ साली उठला.

या लढाईची गोष्ट लोक वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने सांगत आले. एकीकडे तलवारी उपसून धावणारे शूर, भाबडे डोंगरी लोक. दुसरीकडे बंदुका आणि तोफा. एकीकडे स्कॉटलंड, दुसरीकडे इंग्लंड. गोष्ट म्हणून झकास! ऐकताना मूठ आपोआप वळते.

आता पुस्तकांकडे या. १९६१ साली जॉन प्रेबल यांचं ‘कलोडन’ आलं. त्यांनी राजपुत्रावरचा प्रकाश थोडा बाजूला वळवला आणि चिखलात उभ्या असलेल्या साध्या माणसांवर टाकला. तो शिपाई काय खात होता, लढाईनंतर त्याच्या बायकापोरांचं काय झालं, असे प्रश्न त्यांनी विचारले. घटना जुनीच, प्रश्न नवे!

त्यानंतर चक्क जमिनीलाच प्रश्न विचारले गेले. टोनी पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातू शोधणारी यंत्रं घेऊन तो माळ पिंजून काढला. मातीत बंदुकीच्या गोळ्या सापडल्या, तोफेचे छर्रे सापडले. कुठे किती सापडले, याचा नकाशा मांडला की धुमश्चक्री नेमकी कुठे झाली ते कळू लागतं. हे सगळं सांगणारं, पोलार्ड यांनी संपादित केलेलं पुस्तक २००९ साली निघालं. गोळी कुणाची बाजू घेत नाही, बरं का! जिथे पडली तिथे ती पडून राहते.

मग २०१६ साली मरे पिटॉक यांचं ‘कलोडन’ आलं. त्यांनी त्या लाडक्या गोष्टीलाच हात घातला. लढाईनंतर ड्यूकच्या माणसांनी माळावरून शस्त्रं गोळा केली. त्यांची नोंद आहे : बंदुका २३२० आणि तलवारी फक्त १९०! म्हणजे ‘नुसत्या तलवारी घेऊन धावलेले’ ते सैन्य बऱ्यापैकी बंदूकधारी होतं.

अर्थात इथेही आपण डोकं चालवायचं. जिंकलेल्या शिपायांनी छानशा तलवारी आठवण म्हणून परस्पर लांबवल्या नसतील कशावरून? विचारा की! आकडा दिसला म्हणून लगेच मान डोलवायची नाही.

आणि स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड? सरकारी सैन्यात स्कॉटिश पलटणी होत्या आणि जॅकोबाइटांकडे आयरिश आणि फ्रेंच सेवेतले शिपाई होते. चिझम कुळाच्या नायकाचा एक मुलगा जॅकोबाइटांच्या बाजूने लढताना मेला. त्याचे दोन भाऊ समोरच्याच सैन्यात अधिकारी होते. सांगा आता, त्या घरात विजय साजरा करायचा की सुतक पाळायचं?

अशी पुस्तकं वाचताना मला कधीकधी चुटपुट लागते. आवडत्या गोष्टीला कुणी टाचणी लावली, की कुणालाही लागेलच. पण पुढे एक पान असं येतं की ती चुटपुट बाजूला राहते आणि माणूस खडबडून जागा होतो.

कलोडननंतर सरकारने काय केलं? ज्या डोंगरातल्या लोकांना चिरडलं, त्यांच्याच पोरांना सैन्यात घेतलं. त्यांच्या पलटणी समुद्रापार लढायला पाठवल्या. त्यातल्या ७४ आणि ७८ नंबरच्या दोन पलटणी २३ सप्टेंबर १८०३ रोजी कुठे होत्या, ठाऊक आहे? आजच्या आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाशी!

समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. मराठ्यांच्या तोफांनी असा काही मारा केला की ७४ नंबरच्या पलटणीचे सुमारे ४०० जण ठार किंवा जखमी झाले. शेवटी लढाई इंग्रजांनी जिंकली. त्या पलटणींच्या इतिहासात ‘असई’ हा शब्द अभिमानाने मिरवतो. आपल्याला मात्र तो सलतो. गाव एक, दिवस एक, पण आठवणी दोन. आणि त्या स्कॉटिश शिपायांमध्ये कलोडनला हरलेल्यांचे नातू-पणतू असू शकतील, हे कळलं की राग नेमका कुणावर काढायचा, तेच समजेनासं होतं.

याही लढाईवर नवं पुस्तक आलं. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ साली, बरोबर दोनशे वर्षांनी, ते लिहिलं. मराठे युद्धकलेत मागासलेले होते म्हणून हरले, हे त्यांना पटत नाही. मराठ्यांचा तोफखाना कसलेला होता, त्यांचं कवायती पायदळ तयार होतं. पण कंपनीच्या हातात पैसा होता आणि शिंद्यांकडचे गोरे अधिकारी फोडण्यात तिला यश आलं, यावर ते बोट ठेवतात. हरलो ते हरलोच, पण का हरलो, याचं उत्तर बदललं. हा फरक लहान नाही, मित्रांनो!

आपल्याकडे ही झटापट तर फार पूर्वीच झाली आहे. तीही एका स्कॉटिश माणसाशी! स्कॉटलंडच्या बॅन्फ गावात जन्मलेला जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. त्याने जुनी कागदपत्रं जमवून १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. तो वाचून आपली माणसं नुसती चिडून बसली नाहीत. १८६७ साली नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यातल्या उणिवा दाखवणारा निबंध लिहिला. पुढे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची, पेट्यांतली दप्तरं धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला आणि पुढे असे बावीस खंड झाले. पुस्तकाला उत्तर द्यायचं तर असं द्यावं : कागदाने, पुराव्याने, पायपिटीने.

म्हणून इतिहासाचं पुस्तक हातात आलं की एवढं करा. पहिल्या पानावर ते कोणत्या साली छापलं ते पाहा. मग मागची पानं उलटून लेखकाला ही माहिती मिळाली कुठून, ते शोधा. आणि त्याच लढाईवरचं दुसरं पुस्तक, शक्यतो समोरच्या बाजूच्या माणसाने लिहिलेलं, मिळवून वाचा. आईबाबांनाही सोबत बसवा. दोन पुस्तकांत जिथे पटत नाही, तिथे पेन्सिलीने बारीकशी खूण करा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल, तर मात्र खूण वहीत हं!

कोण जाणे, अशाच एखाद्या खुणेपाशी पुढचं नवं पुस्तक सुरू होईल. आणि ते तुमचंच असेल!